आप्पांनी पास केलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची तर आधी मालकाच्या चपला बघाव्यात आणि मग गाडी, हा आमच्या आप्पांचा पहिला नियम. चपला टाचेला झिजलेल्या असतील तर माणूस सबुरीचा. चवड्याला झिजलेल्या असतील तर चहा घ्यावा आणि घरी यावं. दुसरा नियम, पावसात गाडी बघू नये, ओला पत्रा सगळी पापं झाकतो. तिसरा, दार लावताना कान त्या आवाजाकडे द्यावा, विकणाऱ्याच्या तोंडाकडे नाही. असे त्यांचे खंडीभर नियम होते आणि कराड-पाटण भागात ते लोकांना तोंडपाठ होते. विकणारे जाहिरातीत बॅटरीची तब्येत नंतर लिहायचे, आधी लिहायचे, ‘आप्पा डुबलांनी पास केलेली’.

आप्पा म्हणजे माझे चुलतसासरे. साठी उलटलेले, हाडापेराने मजबूत आणि देवाधर्माच्या बाबतीत अगदी कडू. त्यांच्या गॅरेजात गाडी आली की तिच्या नाकावरची लिंबू-मिरची आधी कचऱ्यात जायची. “लिंबानं अपघात टळला असता तर ब्रेक कशाला शोधला असता माणसानं?” हे वाक्य मी लग्न होऊन पाटणला आल्यापासून ऐकत होते.

मी मैथिली, मूळची लातूरकडची. आमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट, त्यामुळे घाट हा प्रकार मी लग्नानंतर पाहिला. चिपळूणच्या रक्तपेढीत मला नोकरी लागली तेव्हा घरात कोणी नको म्हटलं नाही. फक्त समर, माझा नवरा, म्हणाला, “जमेल तोवर जा.” ते ‘जमेल तोवर’ मला तेव्हाच खुपलं. रोज घाट उतरायचा आणि चढायचा, तर गाडी हवी. नवी परवडणारी नव्हती. म्हणून मी आप्पांकडे गेले.

त्यांनी दाखवलेली गाडी राखाडी रंगाची होती, पेंढारकर नावाच्या औषध वितरकाची. नऊ वर्षं कोयनानगर ते चिपळूण, सकाळी खाली आणि संध्याकाळी वर.

“सिंगल हँड. हातात सोनं हाय त्या माणसाच्या,” आप्पा म्हणाले. “असलं वळण तुला बाजारात मिळायचं न्हाय.”

हे वळण काय ते सांगायला हवं. पूर्वी गाडीच्या कॉम्प्युटरची आठवण पाटीवरच्या पेन्सिलीसारखी असायची. फडकं फिरवलं की साफ. आताच्या गाड्यांचा मेंदू वेगळा आहे. त्यात धातूच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ पापुद्रे असतात आणि त्यातून वीज जशी जाते तसा तो पापुद्राच बदलत जातो. ज्या वाटेने वीज वारंवार गेली ती वाट सोपी होते. मैदानातून लोक रोज एकाच तिरप्या रेषेत गेले की गवत जाऊन पायवाट पडते ना, तसंच. चालक ब्रेक कधी दाबतो, वळणावर किती आधी हात फिरवतो, कुत्रं आडवं आलं तर काय करतो, हे सगळं त्या मेंदूत अशा वाटा पाडतं. मग गाडी मालकाच्या मनातलं ओळखल्यासारखी चालते. यालाच लोक वळण म्हणतात.

गाडी विकताना हे वळण पुसायचा कायदा आहे. उलटी वीज सोडून पायवाटा बुजवतात. पण वर्षानुवर्षं तुडवलेल्या वाटा पूर्ण बुजत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या बुजू नयेत असंच सगळ्यांना वाटतं. पूर्वी ‘डॉक्टरांनी वापरलेली’ म्हटलं की भाव चढायचा, आता ‘शांत हाताचं वळण’ म्हटलं की चढतो.

“आणि मला ते नको असेल तर?” मी विचारलं.

“आगं, फुकट मिळालेली अक्कल कुणी नाकारतं व्हय?” आप्पा हसले. “मी सोता दोनदा घाट उतरून आलोय. लोण्यात सुरी फिरावी तशी गेली.”

मी गाडी घेतली.

पहिल्या सोमवारी मी घाटाला लागले. सकाळची उन्हं होती, रस्ता मोकळा होता. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, कारण मी देव मानते तो देव्हाऱ्यात, घाटात मी स्टिअरिंगच मानते. घाटाच्या मध्यावर, डाव्या अंगाला घाटजाईचं ठाणं आहे. शेंदूर फासलेला मोठा दगड, वर पत्र्याची शेड, भगवं निशाण आणि नारळ विकणारी एक बाई. त्याच्या पुढ्यातच रस्ता कोपरासारखा वळतो.

दगड दिसला आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग हलकं झालं.

हलकं म्हणजे कसं, तर जत्रेतल्या खेळण्यातल्या मोटारीचं असतं तसं. फिरवा हवं तेवढं, चाकाला पत्ताच नाही. या गाड्यांत स्टिअरिंगपासून चाकापर्यंत दांडा नसतो, नुसत्या तारा असतात. हाताला जो जडपणा लागतो तो मोटर लावून आणलेला असतो. तो जडपणाच गेला. मी डावीकडे ओढलं, गाडी आपल्या मनाने गेली. मी ब्रेकवर पाय दिला, गाडीने तिला हवा तेवढाच वेग कमी केला. वळण गेलं, पुढचं आलं, तेही तिनेच घेतलं. समोरून एक एसटी आली आणि माझ्या खिडकीला घासून जाते की काय इतकी जवळून गेली. मी ओरडले. दरी उजवीकडे होती. मला ओवी आठवली, माझी सहा वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशातली.

आणि मग मी जे केलं ते मी घरी सांगितलं नाही. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हात पुन्हा स्टिअरिंगवर पडले तेव्हा ते जड होतं. गाडी माझी झाली होती. खाली चिपळूणच्या नाक्यावर मी गाडी थांबवली. परत येताना मी गाडी तिथेच ठेवून एसटीने आले.

आप्पा दुसऱ्या दिवशी चिपळूणला गेले. त्यांनी तपासणीची तार लावली, सगळे आकडे पाहिले आणि गाडी घाट चढवून घरी घेऊन आले. अंगणातच समर आणि सासूबाई उभे होते.

“काय बी न्हाय गाडीला,” आप्पा म्हणाले. “घाटजाईपाशी मुद्दाम हळू घेतली. हूं की चूं न्हाय.”

“आप्पा, तिनं स्टिअरिंग काढून घेतलं माझ्याकडून.”

“पोरी, राग मानू नगंस. घाट नवा हाय तुला. भीतीनं हात बधिर व्हत्यात माणसाचे.”

“माझे हात रोज लोकांच्या शिरा शोधतात. ते बधिर होत नाहीत.”

समरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजिबात आवडला नाही. “मैथिली, आप्पांनी पास केलेली गाडी आहे,” तो म्हणाला. “मीही नेऊन बघितली होती ना रविवारी? काही झालं नाही. नसेल झेपत तर राहू दे. नोकरी काय, इथेही मिळेल.”

सासूबाई मायेने म्हणाल्या, “जीव मोठा, बाई.”

कोणी खोटारडी म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण ही माया होती, आणि मायेने माणूस घरात बसतो. मला कळून चुकलं, प्रश्न गाडीचा राहिला नव्हता. माझा शब्द खरा की आप्पांचा, एवढंच उरलं होतं, आणि ते ठरलं की माझी नोकरीही ठरणार होती.

“आप्पा,” मी म्हटलं, “उद्या मी तुमच्या शेजारी बसते. तुम्ही चालवा. काही झालं नाही तर मी गाडीची किल्ली समरच्या हातात देईन आणि राजीनामा पाठवीन.”

समर काही बोलणार होता, पण आप्पांनीच हात वर केला. “चालंल,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आप्पा गाणं गुणगुणत चालवत होते. मी रस्त्याकडे, पडद्यावरच्या आकड्यांकडे, त्यांच्या पायांकडे बघत होते. घाटजाईचं निशाण दिसलं. गाडीने वेग कमी केला, वळण घेतलं आणि पुढे निघाली. लोण्यात सुरी.

“झालं समाधान?” आप्पा म्हणाले.

मी मान वळवून पुन्हा त्यांच्या हातांकडे पाहिलं. कारण मी काहीतरी पाहिलं होतं आणि ते माझ्या डोक्यात बसायला वेळ लागत होता. शेंदरी दगडासमोर आप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले होते. छातीशी जरासे जुळले आणि परत खाली गेले. पापणी लवावी तेवढंच. मानसुद्धा किंचित झुकली. आणि त्यांचं गुणगुणणं एका सुरानेही तुटलं नव्हतं.

“आप्पा, हात.”

“कसले हात?”

“तुम्ही घाटजाईला हात जोडलेत.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवीच दिली होती. “मी? आगं, वीस वर्षांचा असल्यापासनं मी देवाला हात जोडला न्हाय. माझ्या आईच्या तेराव्यालासुदिक न्हाय!”

मला माझे तोंड झाकणारे हात आठवले. पेंढारकर नऊ वर्षं रोज दोनदा या दगडासमोरून गेले. गाड्या आपल्या आपण रस्ता धरायला लागल्यापासून या घाटात सगळेच दोन्ही हात जोडतात. पूर्वी एका हाताने भागवायचे. गाडी काय शिकली असेल? शेंदरी दगड आला की मालकाचे हात जाणार, तेवढ्यापुरतं आपण सांभाळायचं. हात परत आले की सोपवायचं. आणि नव्या गाड्यांना आणखी एक नियम असतो, सरकारनेच घातलेला. चालकाला शिंक आली, उबळ आली आणि हात भलतीकडे गेला तर त्या झटक्याकडे दुर्लक्ष करायचं. दगडासमोर हात सुटायला हवेत आणि ते सुटत नाहीत, उलट ओढाताण करतात, म्हणजे गाडीच्या लेखी ती उबळच. ती वाट बघत राहणार. हात जाऊन परत येईपर्यंत.

जेवढं घट्ट धरावं तेवढी ती सोडणार नाही.

मी हे आप्पांना सांगितलं. तोंड झाकल्याचंही सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण चेहरा दगडाचा. “एवढं गाडी पास करताना मला कळलं नसतं?” ते म्हणाले.

“कसं कळणार? तुम्ही जोडता. समर जोडतो. इथला प्रत्येकजण जोडतो. तुमच्यापुढे गाडी शहाण्यासारखीच वागणार.”

त्यांनी गाडी वळवली, वर नेली आणि पुन्हा उताराला लावली. “आता बघ,” ते म्हणाले. “मूठ सुटली तर नावाचा आप्पा न्हाय.”

निशाण दिसलं. शेड दिसली. मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती आणि तरीही दगड जवळ येताच ती सैल व्हायला लागली. त्यांना पत्ता नव्हता! मी वाकून माझे दोन्ही तळवे त्यांच्या हातांवर दाबले. खाली त्यांचे हात वर यायला धडपडत होते, पाण्यात दाबून धरलेल्या चेंडूसारखे.

मग ते धडपडायचे थांबले, कारण आप्पांना जाणवलं.

“आयला,” ते हळूच म्हणाले. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. गाडी सरळ तिच्या रेषेत चालली होती. “आयला, हे तर...”

समोरच्या वळणातून दुधाचा टँकर वर आला. रिकामा असावा, जोरात होता, आणि वळण मारताना पुरता आमच्या बाजूला आला होता. आमच्या गाडीने ब्रेक लावला, जमेल तेवढा लावला. पण टँकरला थांबायला जागा नव्हती. डावीकडे डोंगराच्या पायाशी गटार होतं, त्यात चाक घातलं तर आम्ही वाचणार होतो. आप्पा जीव खाऊन डावीकडे ओढत होते. गाडी पेंढारकरांच्या रेषेवर ठाम.

“सोडा! हात सोडा आप्पा!”

“न्हाय! न्हाय सोडत!”

त्यांची चूक नव्हती. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला समोरून टँकर येताना स्टिअरिंग सोड म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला दोर सोड म्हणणं. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. बोटं सुटली. मी त्यांचे दोन्ही हात धरून वर उचलले, छातीशी एकमेकांवर आपटले आणि परत स्टिअरिंगवर टाकले. गाडीने हात ओळखले. आप्पांनी डावीकडे फिरवलं, चाक गटारात गेलं, दगडावर पत्रा फाटल्याचा आवाज झाला आणि टँकर आमचा उजवा आरसा घेऊन वर निघून गेला. त्याचा हॉर्न वरच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

नारळवाली बाई धावत आली. “आईनं राखलं बघा! आईनंच राखलं!”

एरवी आप्पांनी तिला तिथेच भाषण दिलं असतं. आता ते आपल्या मनगटावरच्या माझ्या दातांच्या खुणा बघत होते.

“आई मानगूट धरून वाकवायची,” ते म्हणाले. “एसटीत. मी खिडकीत बसायचो. ठाणं आलं की मागनं हात यायचा. म्हातारी जाऊन जमाना झाला, पोरी. हात अजून येतोय.” त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग ते एकदम ताठ बसले. “या घाटातल्या किती गाड्या मी पास केल्यात. पुण्याला गेल्या, सोलापूरला गेल्या. तिकडं शेंदरी दगड काय कमी हायत?”

घरी आल्यावर आप्पांनी चपला काढायच्या आधी सगळ्यांना अंगणात बोलावलं. “पोरगी खरी हाय,” ते म्हणाले. “मी चुकलो. आणि समर, त्वा तिचा शब्द माझ्या शब्दाखाली दाबलास, ते बी चुकलं.” समर खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं होतं मला फार आनंद होईल. मला नुसतं रडू आलं.

त्यानंतर आप्पांनी ज्यांना ज्यांना गाड्या दिल्या होत्या त्या सगळ्यांना फोन केले. स्वतःचा व्हिडिओ काढून लोकांत पाठवला, हात जोडतानाचा. घाटातल्या गाड्यांचे भाव कोसळले, बाजारातले दलाल त्यांच्या गॅरेजसमोर येऊन शिव्या देऊन गेले, आणि ‘आप्पांनी पास केलेली’ हे शब्द जाहिरातींतून नाहीसे झाले. आप्पांनी नियमांत एक नवा नियम घातला. गाडी तपासणाऱ्याशेजारी एक परका माणूस बसवावा आणि त्याने गाडीकडे नव्हे, तपासणाऱ्याकडे बघावं.

माझ्या गाडीचा मेंदू बदलायचा तर कंपनीकडून यायला वर्षभर लागणार होतं. तोवर काय करायचं? उपाय तर सापडलेलाच होता. ठाणं आलं की हात जोडायचे, परत ठेवायचे, गाडी आपली. मी ते करायला लागले.

“हे रोज करू नगंस,” आप्पा म्हणाले. “एसटीनं जा.”

“आप्पा, वर्षभराचा तर प्रश्न आहे.”

“मला तरी कुठं जास्त दिवस वाकवलं आईनं? चौथीपतूरच तर.”

मी हसण्यावारी नेलं. सकाळी खाली, संध्याकाळी वर. पहिल्या महिन्यात आठवणीने जोडावे लागायचे. मग त्याचा विचार करावा लागेनासा झाला, आणि मला ते सोयीचंच वाटलं. नवा मेंदू आला, बसवला, आप्पांनी मला चालवायला लावून माझ्याकडे बघत गाडी तपासली. त्या दिवशी ठाण्यापाशी माझे हात स्टिअरिंगवरच होते. आप्पा बघतायत हे मला माहीत होतं ना.

दिवाळीनंतर ओवीला घेऊन लातूरला माहेरी गेले. भावाची जुनी गाडी होती, खरोखरची जुनी, दांड्याच्या स्टिअरिंगची, जिला मेंदू नाही, वळण नाही, काही नाही. आम्ही औशाच्या रस्त्याने शेताकडे निघालो होतो. सरळ सपाट रस्ता, माझ्या लहानपणचा. माझा वेग बराच होता. ओवी मागून मला शाळेतली कविता म्हणून दाखवत होती आणि मी तिच्याबरोबर म्हणत होते.

गावाच्या शिवेवर, बाभळीखाली, शेंदूर फासलेला एक दगड होता.

आम्ही कविता म्हणतच होतो. माझा आवाज कुठेही तुटला नव्हता. मग ओवीचा तुटला.

“आई,” ती म्हणाली, “हात!”

मी खाली पाहिलं. स्टिअरिंग आपलं आपण हळूहळू उजवीकडे फिरत होतं, आणि या गाडीत ते धरणारं दुसरं कोणी नव्हतं.